गोठ्यातली ओळ

पाच मानकरी, ओळीत पाच बैठका, चार अटी आणि घटिकापात्र बुडेपर्यंतची मुदत. राजे जैतपाळांनी आपल्या शाळेच्या प्रवेशाला हे एकच कोडं ठेवलं होतं, आणि तीन वर्षांत शाळेत चिटपाखरू शिरलं नव्हतं. गुरुजी रिकाम्या वर्गात माश्या मारत बसायचे. कोडं जरा सोपं करा, असं सगळ्यांनी विनवून पाहिलं. पण राजे एकदा बोलले की बोलले.

यंदा परीक्षेला भिवरा आली, नागोजी गवळ्याची मुलगी. गुरांच्या औषधांची पोथी त्या एकाच शाळेत शिकवत. गेल्या साली तिची दोन वासरं खुरकुतीने दगावली, तेव्हा तिला रडू आलं नाही, राग आला. त्या रागापायीच ती चार कोस चालत आली होती.

प्रधानांनी अटी वाचल्या. "ओळीच्या एका टोकाला सिंहासन, दुसऱ्या टोकाला दार. सेनापती फार हातवारे करतात, त्यांना टोकाचीच बैठक हवी. किल्लेदार दाराशीच बसणार. सेनापतींचा गुडघा दुखतो, म्हणून वैद्यबुवा त्यांच्या लगत हवेत. वैद्यबुवा आणि पुरोहित यांचं पटत नाही, ते शेजारी नकोत. उरले फडणीस. लावा ओळ!"

बाकीच्या मुलांनी बोरू उचलले आणि होतील तितक्या ओळी लिहायला घेतल्या. अशा ओळी एकशेवीस होतात! शास्त्रीबुवांचा मुलगा घाम पुसत लिहीतच राहिला. भिवराला लिहिता येत नव्हतं. तिने पाच खडे मांडले आणि पात्र अर्धंही भरलं नसताना हात झटकून उठली.

"सिंहासनाशी सेनापती, मग वैद्यबुवा, मधी फडणीस, मग पुरोहित, दाराशी किल्लेदार. दुसरी ओळ लागतच न्हाई."

प्रधानांनी ताडून पाहिलं. अगदी बरोबर होतं.

"उत्तर कुणी फोडलं?" राजे कडाडले.

"कुणी न्हाई, महाराज. आमच्या गोठ्यात रोज हेच असतंय. ज्याचा हट्ट मोठा, त्याला आदी बांधायचं. एक गाय दारातच उभी ऱ्हाते, ती झाली. लाथाळ म्हशीला टोक लागतं, आन् टोक एकच उरतं. तिच्या लगत म्हातारा बैल. शिंगं लावणारी दोघं लांब लांब. मधल्या जागेला गरीब गाय."

फडणीस पायाच्या अंगठ्याकडे बघू लागले. सेनापती तांबडेलाल झाले. "मी लाथाळ म्हैस?"

राजांनी त्यांना हातानेच थांबवलं. "आणि या गोठ्यात मी कोणतं जनावर? जपून बोल. चुकलीस तर आल्या वाटेने घरी."

 गुरुजींच्या मांडीवर लाल कापडात बांधलेली पोथी भिवराला दिसत होती. तिने एकदा पोथीकडे पाहिलं, एकदा राजांच्या आवळलेल्या ओठांकडे.

"तुमी जनावर न्हाई, महाराज. तुमी खुंटा. कुणी कितीबी हिसडे द्या, जागचा हलत न्हाई. म्हणून तर गोठा थाऱ्यावर हाय."

 मग राजांच्या मिशा थरथरल्या आणि ते असे हसले की डोळ्यांना पाणी आलं. सेनापतींनाही हसू फुटलं, आणि हसता हसता त्यांच्या हाताने फडणिसांची पगडी उडाली.

"उद्यापासून सगळे हिच्या ओळीने बसा!" राजे म्हणाले. "गुरुजी, पोथी सोडा. आणि हिच्या घरी एक दुभती म्हैस पोचवा."

"लाथाळ असली तरी चालंल, महाराज," भिवरा म्हणाली. "तिची जागा ठाऊक हाय."