भिवरेचं दार

शिरवी नदी घाट उतरून सपाटीला लागते, तिथे काळ्या दगडांचा एक जुना बांध आडवा पडलेला आहे. दोन्ही काठांकडून तो सरळ येतो आणि मधोमध तुटतो. तुटलेल्या जागी बैलगाडी जाईल एवढी फट आहे आणि सगळी नदी त्या फटीतून वाहते. भोईवाडीचे लोक तिला भिवरेचं दार म्हणतात. नव्या माणसाला वाटते, पुराने फोडला असेल. मध्यंतरी पाण्यावर वीज करायला जागा शोधत काही जण आले होते. फट बुजवली तर पाणी किती चढेल, याचे माप त्यांनी टेपने घेतले. वाडीतले म्हातारे महादूनाना भोई त्यांना अडवायला गेले नाहीत. त्यांनी त्यांना काठावरच्या उंबराखाली बसवले आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात ती हकिकत सांगितली.

नाना सांगतात, पूर्वी समोरच्या डोंगरावर गड नांदता होता आणि हैबतराव नावाचा किल्लेदार तिथे होता. गडाला वेढा पडणार अशी बातमी होती. तोफांना दारू लागणार होती आणि ती कुटायला माणसे पुरत नव्हती. तेव्हा त्याने नदी अडवली. बांधाच्या एका अंगाने पाट काढला, पाटात सागवानी चाक बसवले. चाक फिरले की लाकडी मुसळे वर उचलली जायची आणि उखळात आदळायची. शंभर माणसांचे काम नदी एकटी करू लागली. रात्रंदिवस तो धडधडाट डोंगरात घुमायचा, असे सांगतात.

त्या काळी शिरवीत वाम फार, म्हणजे सापासारखा लांब मासा. भाद्रपदाच्या पुरात दंडाएवढ्या जुन्या वामी डोंगरातून समुद्राकडे निघत. त्या परत येत नसत. त्यांची पिल्ले सुईसारखी बारीक असताना खाडीतून वर चढत, ओल्या खडकावरून सरपटत थेट डोंगरवाडीच्या ओढ्यांपर्यंत जात. खाली भोई आणि वर ठाकर, दोघेही त्यांच्यावर जगत. बांध झाला आणि वर चढणारी पिल्ले दगडाखाली अडकून थरच्या थर मेली. भाद्रपदात खाली निघालेल्या वामी पाटात शिरल्या आणि चाकात सापडल्या. म्हणे, तीन दिवस भोईवाडीच्या घाटावर लाल पाणी आले. बायका घागरी रिकाम्याच घेऊन परतल्या.

तुकड्यांनी चाक अडू लागले, तसे हैबतरावाने भोयांना कोयते देऊन कमरेएवढ्या पाण्यात उभे केले. येणारी वाम चाकापर्यंत जाण्याआधी तोडून काठावर फेकायची, असा हुकूम. त्यांत राघू भोई होता. भिवरा त्याची बायको. ती त्याची भाकर घेऊन बांधावर आली, त्याच वेळी एक जाडजूड वाम त्याच्या हाताला विळखा घालून चाकाच्या आऱ्यांत गेली आणि हाताबरोबर त्यालाही आत ओढून घेऊन गेली. पाटाच्या तोंडाशी पाणी तोडायची फळी होती, ती टाकायला एक शिपाई होता. पण मुसळे थांबवायची तर दारूखान्यातून हुकूम यायला हवा, असे त्याला बजावलेले होते. तो हुकूम आणायला धावला. तेवढ्यात चाकाचे चार फेरे झाले. भिवरेने राघूला पाटाच्या खालच्या तोंडाशी गोळा केले.

किल्लेदाराने विधवेची सोय म्हणून तिला दारूखान्यात दारू चाळण्याचे काम दिले. ती गेली. पोट भरायचे होते, आणि दुसरे काही सुचतही नव्हते.

तीन वर्षे वर मासा चढला नाही. बांधाने मासा अडतो, हे डोंगरवाडीच्या ठाकरांना काय माहीत? खालच्या भोयांनी नदीच्या तोंडाशी जाळी लावून सगळे आपल्याकडेच अडवले, असे त्यांनी धरले. चौथ्या वर्षी चैत्रात वीस-पंचवीस जण कोयते आणि भाले घेऊन नदीच्या उतारावर आले. आधी दोन जाळी फाडली, मग होडी फोडली, मग माणसांवर हात टाकला. भोई वल्ही घेऊन पाण्यात उतरले. गुडघाभर पाण्यात ती मारामारी झाली. भिवरेच्या चुलतदिराचे मनगट तिच्यासमोर तुटून पडले. ज्याने ते तोडले, त्याच्या डोक्यात तिने मागून वल्हे घातले. तो पडला, उठू लागला. तिने पुन्हा घातले. मग तो उठला नाही.

दोन्हीकडचे मिळून अकरा जण गेले. ठाकर पळाले, आपली प्रेते टाकून. गडावरून शिपाई हे सगळे बघत होते. खाली कोणी आले नाही.

भिवरेने आपण मारलेल्या माणसाला उताणे केले. विशीतला असेल. पोट पाठीला लागलेले, पायांना सूज. कमरेच्या फडक्यात उकडलेले कडू कंद होते, ते खाल्ले तर जीभ सोलते. मग तिने त्याला पाठीला बांधले आणि घाटाची वाट धरली. वाडीने अडवले, तिने ऐकले नाही.

डोंगरवाडीत ती पोहोचली तेव्हा उन्हे कलली होती. त्याचे नाव नवश्या. घरात एकटी आई होती, ठमाई. माणसे कोयते घेऊन जमली. भिवरेने ओझे उतरवले आणि कोणाच्या हाताने मेला ते स्वतःच सांगितले. बांध सांगितला, चाक सांगितले, राघूचे सांगितले. मारायचे तर मारा, म्हणाली.

ठमाईने पोराच्या तोंडावरचे रक्त पदराने पुसले. माणसांना तिने हातानेच मागे सारले.

"तुला मारून माझ्या चुलीवर काय शिजंल?" ती म्हणाली. "माझा पोरगा घेऊन आलीस. आता नदी घेऊन ये."

"आणते," भिवरा म्हणाली.

एवढेच बोलणे झाले.

दुसऱ्या दिवशी ती दारूखान्यात कामावर हजर होती. त्या दिवसापासून ती रोज मूठभर दारू अंबाड्यात घालून बाहेर नेऊ लागली. वर घट्ट फडके बांधायची. झडती घेणारे शिपाई कनवटीला चाचपायचे, विधवेच्या डोक्याला कोणी हात लावत नसे. घरी बांबूच्या नळ्यांत ती दारू भरायची आणि तोंडे मेणाने लिंपायची. पाच महिने हे चालले. बांध घालताना पाथरवटाने मधोमध, गाळ काढायला एक मोरी ठेवली होती आणि दगड लावून बंद केली होती. तो दगड कुठला, हे तिला राघूने दाखवलेले होते. धुणे धुवायच्या निमित्ताने ती एकेक नळी त्या मोरीत सरकवत गेली.

भाद्रपद आला. नदी बांधाच्या काठोकाठ चढली आणि आत जुन्या वामींची दाटी झाली. भर दुपारी, जेवणाच्या वेळी तिने पाटात उभ्या असलेल्या भोयांना टेकाडावर जाऊन जेवायला सांगितले. एकाने कारण विचारले. तिने मोरीच्या दगडाकडे बोट केले, तेव्हा तो काय समजायचे ते समजला. पाट रिकामा झाला आणि तुकड्यांनी चाक अडले. मुसळांचा आवाज थांबला. जेवणावरून उठून हैबतराव स्वतः शिपाई घेऊन बांधावर आला.

भिवरा मोरीपाशी वाकली होती, हातात पेटती जामगी. बंदुकीला लावायची ती वात तिने दारूखान्यातूनच आणली होती. त्याने तिचा अंबाडा धरून तिला मागे ओढले. अंबाडा सुटला आणि त्याच्या मुठीत, तिच्या पाठीवर काळी पूड सांडली. तेव्हा त्याला कळले.

"कुणाच्या हुकमानं हे?" त्याने विचारले.

"म्हातारीला शब्द दिलाय," ती म्हणाली. केस त्याच्या मुठीत तसेच ठेवून तिने हात लांबवला आणि जामगी मोरीत सोडली.

दगड गडाच्या दरवाजापर्यंत उडाले, म्हणे. किल्लेदार, चौदा शिपाई आणि भिवरा, कोणाचे काही हाती लागले नाही. नदीने चाक उचलून नेले, दारूखाना नेला. जाता जाता भोईवाडीतली काठावरची दोन घरेही नेली आणि एकात अंथरुणाला खिळलेला राघूचा म्हातारा बाप होता, तोही गेला. भिवरेला त्याची आठवण राहिली नव्हती की राहूनही तिने हे केले, ते कोणाला माहीत नाही. भोईवाडी ही गोष्ट सांगताना गाळत नाही. मात्र त्या संध्याकाळपर्यंत एवढ्या वामी त्या फटीतून समुद्राकडे गेल्या, की पाणी दिसत नव्हते.

बातमी वर पोहोचली, तेव्हा ठमाईने चूल विझवली. तीन दिवस पेटवली नाही. पुढच्या वर्षी पावसाच्या तोंडाला तिच्या झोपडीमागच्या ओढ्यात, ओल्या खडकाला चिकटून, सुईएवढी पिल्ले वर चढताना तिने पाहिली असे सांगतात. वाडीला हाक मारून दाखवली, पण धरू कोणाला दिली नाहीत.

आजही भाद्रपदात त्या दारात भोई जाळे टाकत नाहीत. आणि वर डोंगरवाडीत नवश्याच्या कुळातली सात घरे आहेत, ती बांध फुटला त्या तिथीपासून तीन दिवस चूल पेटवत नाहीत. लग्न होऊन गेलेल्या लेकीचे माहेरी पाळतात, तसे सुतक पाळतात. तुमच्या माणसाला जिने मारले तिचे सुतक कसे, असे कोणी बाहेरचा विचारतोच. त्यावर त्या घरातल्या बायका वाद घालत नाहीत. आमची बाई खाली बांधात गेली, एवढेच सांगतात.