महाराजांना उठवण्याची नोकरी

धवलराजांना रोज दुपारी दरबाराआधी उठवायला माणूस हवा होता. अट एकच, महाराजांची झोपमोड होता कामा नये! हाक मारायची नाही, अंगाला हात लावायचा नाही, डोळ्यांवर उजेड पाडायचा नाही. झोपमोड झाली तर नोकरी गेली, आणि दरबाराला उशीर झाला तरी गेली.

बरेच जण गेले. एक नुसता खाकरला होता. एकानं खिडकीखाली मिरच्यांची फोडणी दिली, तेव्हा महाराज शिंकत उठले आणि तो रडत गेला. गावातल्या आवडाचा नवरा सटवा तर हात जोडून नुसता उभा राहिला. दरबाराची वेळ टळून गेली तरी महाराज घोरतच होते.

राजवाड्यानं काढलेल्या माणसाला गावात कोणी कामावर घेईना. महाराजांना जो चालला नाही तो आम्हाला कसा चालेल, असं वाणीही म्हणाला आणि वीटभट्टीवालाही. पिठाचं मडकं तळाला लागलं. सटवा गाव सोडायची भाषा करू लागला. तान्हं पोर घेऊन भर उन्हाळ्यात जायचं तरी कुठं? शेवटी आवडाच पोराला कडेवर घेऊन वाड्यावर गेली.

दिवाणांनी अनुभव विचारला.

"झोपलेल्या माणसाभोवती वावरायचा पुष्कळ आहे," ती म्हणाली. आवाज ठणठणीत निघाला.

तिनं एवढंच मागितलं, की महाराजांनी पलंगाऐवजी झोपाळ्यावर निजावं आणि झोका तिनं द्यावा. वारा लागेल म्हणून महाराज राजी झाले. पण चुकलीस तर नवराबायको दोघंही संस्थानाच्या हद्दीबाहेर, असा निरोपही त्यांनी धाडला. ही अवदसा आपल्याला कुठून आठवली, असं आवडाला घरी पोचेपर्यंत वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी तिनं पोर सटवाकडे दिलं, झोपाळ्याच्या कड्यांना तेल घातलं आणि महाराज आडवे झाल्यावर दोरी हाती घेतली. एका लयीत, ना हळू ना जोरात. महाराज घोरू लागले तरी ती थांबेना. खांदा भरून आला, तिनं हात बदलला, पण झोका चुकू दिला नाही. दाराआडून दिवाण कपाळाला हात लावून बघत होते. ही बाई झोपवतेच आहे, उठवणार कधी?

दरबाराची वेळ झाली, तशी आवडानं दोरी सोडली. झोका लहान होत होत थांबला. घोरणं अडखळलं. आवडाचा जीव टांगणीला लागला. महाराजांनी कूस बदलली आणि डोळे उघडले.

"कुणी उठवलं मला?"

"कुणीच नाही, महाराज. हाक नाही, हात नाही, उजेडही नाही. दिवाणसाहेबांना विचारा."

दिवाणांना मान डोलवावीच लागली.

"मग मी उठलो कसा?"

"आमचे धाकटे धनी उठतात तसे. पाळणा हलतोय तोवर गाढ. आता झोपले म्हणून दोरी सोडावी, दोन घास खायला बसावं, की टक्क जागे!"

महाराज हरले होते, पण कबूल कोण करणार? "झोपमोड केली नाहीस, ठीक. पण हातातलं काम टाकलंस! काम टाकणारा नोकर मी ठेवत नाही."

"मला उठवायच्या कामावर ठेवलं होतं, महाराज. ते थांबण्यानंच होत होतं." आता बोललोच आहोत तर होऊन जाऊ दे, असं मनाशी म्हणत आवडानं पदर सावरला. "आणि खरं सांगू? राबणारे हात चालू असतात तोवर कुठलाच धनी जागा होत नाही. ते थांबले की होतो. मला काढायचं की नाही ते दरबारात ठरवा. वेळेवर उठला आहातच!"

महाराज असे काही हसले, की झोपाळा आपोआप हलू लागला.

त्या दिवशी दरबारात पहिला हुकूम सुटला, की काढलेली सगळी माणसं कामावर परत घ्यावीत. आवडाला नोकरी कायम झाली, दुप्पट पगार मिळाला, वर बाळासाठी शिसवी पाळणा. आणि तो हलवायच्या कामावर सरकारी नेमणूक झाली, ती सटवाची!