बारा पानांची साक्ष

एकदा एका नगराला एक तरुण न्यायाधीश लाभला. बुद्धीने तल्लख, लाचेला न शिवणारा. पण जीभ अशी, की त्याच्यासमोर चोराआधी फिर्यादीचेच पाय लटपटत. दिवसाकाठी सात-सात खटले निकाली काढतो, याची त्याला भारी घमेंड होती.

एके दिवशी त्याचे वृद्ध गुरू भेटायला आले. पूर्वी त्याच आसनावर तेच बसत. "लेखनिकाला आज सुट्टी दे," ते म्हणाले, "साक्ष मी लिहितो." शिष्याला नवल वाटले; पण गुरूंना नाही कसे म्हणणार?

त्या दिवशी एक कासारीण उभी राहिली. तिच्या भावाला विहिरीत ढकलल्याचा आरोप गावच्या पाटलावर होता आणि पाहणारी ती एकटीच.

"सरकार, बांगड्यांची पेटी घेऊन मी मळ्याकडनं येत होते..."

"इथं बांगड्या भरायला आलीस का?" न्यायाधीश गरजला. सगळे हसले. "पाटील दिसला का, तेवढं बोल!"

"पाठमोरे होते, पण मग..."

"पाठमोरा! म्हणजे तोंड पाहिलंच नाहीस. खोटी साक्ष देतेस? तुरुंगात सडशील!"

असे घटकाभर चालले. अखेर पदराने तोंड पुसत ती म्हणाली, "मी काही पाहिलं नाही, सरकार. मला जाऊ द्या."

दुपारी निकाल लिहायला शिष्याने कागद मागवले. बारा पाने भरली होती आणि त्यांत कासारिणीच्या जेमतेम चार ओळी. बाकी सगळे त्याचेच बोलणे, शिव्यांसकट.

"गुरुजी, हे काय? साक्षीत फक्त साक्षीदाराचं बोलणं लिहितात!"

"म्हणूनच तुझं तुला कधी वाचायला मिळालं नाही. वाच."

तो वाचू लागला. तिसऱ्या पानावर त्याने कागद खाली ठेवले.

गुरू म्हणाले, "बाळ, ती बाई पाटलाला भिऊनही इथवर आली होती. इथून परतली ती तुला भिऊन. तू थांबावंस म्हणून तिनं सख्ख्या भावाचा खून गिळला. लाच घेतली असतीस, तरी पाटलाचं याहून भलं करू शकला नसतास."

शिष्याने निकाल थांबवला. दुसऱ्या दिवशीही साक्ष लिहायला गुरूंनाच बसवून त्याने कासारिणीला बोलावले, बसायला आसन दिले, पाणी दिले. "बाई, माझं चुकलं. काय पाहिलंत, ते सावकाश सांगा. मी मध्ये बोलणार नाही."

पाण्याला हात न लावता ती उठून उभी राहिली. "आपण म्हणाल ते सांगते, सरकार."

त्याने पुन्हापुन्हा विनवले. ती तेच म्हणत राहिली. दुसरा पुरावा नव्हता. पाटील पागोटे सावरीत सुटून गेला.

सगळे गेल्यावर न्यायाधीशाने गुरूंच्या हातातला टाक मागून घेतला. आदल्या दिवशीच्या पानांवरचे 'मी काही पाहिलं नाही' हे वाक्य त्याने कासारिणीच्या नावाखालून खोडले आणि स्वतःच्या नावाखाली लिहिले.