गोजराची कमान आणि साठ मैना

एका राज्यात माणसाची किंमत दरबारातल्या बैठकीवरून ठरत असे. विद्यापीठातून पहिला आलेला सेनापतीच्या गालिच्यावर बसे, दुसरा दिवाणाच्या. ज्याला कोणीच घेतले नाही त्याला शाळेत धाडत. आणि दरबारात गुरुजींची जागा कुठे? दाराशी, जोड्यांजवळ!

एकदा एक मोठा जादूगार आला. म्हणाला, "महाराज, मला मुले शिकवायची आहेत." राजा भद्रसेन पोट धरधरून हसला आणि त्याने त्यालाही जोड्यांजवळ बसवले. जादूगार ताडकन उठला. "उरलेसुरले गुरुजी पुरतात ना तुझ्या मुलांना? मग उसने बोलही पुरतील." त्या क्षणी शाळेतल्या साठ मुलांच्या साठ मैना झाल्या. राजकन्या इंदुलेखाही त्यांतच होती. मैना बोलत गोड, पण ऐकलेले तेवढेच बोलत.

राजाने दवंडी पिटवली, शाप उतरवील त्याला हत्ती देऊ. हुशार हुशार पदवीधर आले. त्यांनी हत्ती पाहिला, शाळा पाहिली आणि दुपारच्या जेवणाआधी पळ काढला. आता बोला!

तेव्हा गोजरा पाथरवटीण उठली. राज्यातले सगळे पूल तिने बांधलेले, तिच्या हातची कमान कधी पडली नव्हती. तिची बैठक राजाच्या उजव्या हाताला होती.

"मी शाळेत जाते, महाराज."

"गोजराबाई, वेड लागलं का? परत आलात तर जोड्यांजवळ बसाल."

"बसेन. जोड्यांनी निदान रस्ता पाहिलेला असतो."

शाळेच्या दारात जादूगार उभा होता. म्हणाला, "तीन दिवस देतो. एका तरी चोचीतून तिचा स्वतःचा बोल निघू दे. नाही तर तूही मैना."

पहिल्या दिवशी गोजराने कमानीविषयी जे जे ठाऊक ते सगळे सांगितले. मैनांनी ते अक्षरही न चुकता म्हणून दाखवले, आणि गोजराच्या बोटांवर पिसे फुटली. दुसऱ्या दिवशी तिने अंगणात कमान बांधून दाखवली. मैनांनी कालचाच धडा पुन्हा घोकला. पिसे कोपरापर्यंत चढली. गोजरा घाबरली, खरंच घाबरली. मग मनाशी म्हणाली, 'गोजरे, जन्मभर तू लोकांना नेमकेपणा दाखवलास. चूक कधी दाखवलीस?'

तिसऱ्या दिवशी राजा सगळा दरबार घेऊन तमाशा पाहायला आला. गोजराने सर्वांदेखत कमान रचली, मधला दगड मुद्दाम बसवला नाही आणि खालचा लाकडी आधार काढून घेतला. धडाड्‌!

"कमान पडली!" दरबारी खिदळले.

"कमान पडली! कमान पडली!" मैना ओरडल्या.

गोजराचे कान लाल झाले. पण ती धुळीत बसून राहिली आणि वाट पाहू लागली. त्या शाळेत आजवर कोणी कोणाची वाट पाहिली नव्हती हो! ऊन कलले. पिसे गळ्यापर्यंत आली.

राजाही आता हसेना. "सांगून टाका त्यांना, बाई. काहीतरी बोला."

"नाही सांगणार. आता त्यांची पाळी आहे."

एवढ्यात एक इवलीशी मैना उडी मारून दगडांत उतरली. तिने मान वाकडी करून भगदाड पाहिले, मग गोजराकडे पाहिले.

"का पडली?"

अंगणात हे कोणीही म्हटलेले नव्हते. पिसे झडली, साठ मुले उभी राहिली आणि साठही एकदम विचारू लागली. राजा धावत लेकीला कवटाळायला गेला, तर इंदुलेखा म्हणाली, "थांबा बाबा, आधी बाईंना विचारू दे!"

राजाचे डोळे भरून आले. "गोजराबाई, काय देऊ? हत्ती घ्या, बैठक घ्या."

"हत्ती नको, गालिचाही नको. मी इथंच राहणार. दर वर्षी विद्यापीठातून पहिली निवड शाळेची. सेनापतींनी उरलेल्यांतून घ्यावं."

सेनापतीने आ वासला. राजाने लेकीकडे पाहिले. ती मधला दगड दोन्ही हातांनी उचलू पाहत होती.

"दिला शब्द," राजा म्हणाला.

पुढच्याच वर्षी विद्यापीठातली पहिली आलेली मुलगी आपल्या पायांनी शाळेत शिकवायला आली. तिच्या मागून दोन वैद्य आणि एक नावाडी आपापली कामे सोडून आले. जादूगारालाही एक वर्ग मिळाला. आणि त्या दरबारात दाराशी आता नुसते जोडे असतात.