मगरीचा सातवा दिवस

प्राणी एकमेकांची चौकशी करत असत, त्या काळातली ही गोष्ट. एका उन्हाळ्यात रानात एकच डोह उरला होता आणि त्यात एक मगर होती. चैत्राच्या पहिल्या दिवशी ती काठावर आली, मग दुसऱ्या दिवशी, मग चौथ्या दिवशी. दर वेळी तिने कुणाला तरी ओढून नेलं.

"एक, दोन, चार!" मुंगूसराव शेपटी फुलवून म्हणाले. "आकडा दुप्पट होतोय. आता ती आठव्या दिवशीच येणार. तोवर खुशाल पाणी प्या."

सगळ्यांना हायसं वाटलं. साळूबाई मात्र गळून पडलेल्या काट्याने मातीत रेघा ओढत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मधलं अंतर बघा. आधी एक दिवस, मग दोन दिवस. आता तीन दिवसांचं असेल, तर ती सातव्या दिवशी येईल. आपण सातवा आणि आठवा, दोन्ही दिवस टाळू या."

"एक उत्तर सापडल्यावर दुसरं कशाला शोधायचं?" मुंगूसराव हसले.

सातव्या दिवशी बाकीचे तहानलेले बसून राहिले. मुंगूसराव एकटेच ऐटीत डोहावर गेले. त्यांनी पाण्याला तोंड लावताच मगर उसळली. जीव वाचला, पण शेपटीचा झुपका गेला.

ते धापा टाकत परतले, तेव्हा हरणीने काळजीने विचारलं, "काय झालं हो?"

"काही नाही," उरलेली शेपटी चाटत मुंगूसराव म्हणाले, "मगरीचं गणित कच्चं आहे."