रिम तेच, टायर मोठे

“टायर मोठे पाहिजेत! पण रिम हेच राहतील!” धैर्यशीलराव सरकार जीपच्या बॉनेटवर छडी आपटत गरजले. “पत्रा कापायचा नाही. स्प्रिंगखाली ठोकळे घालायचे नाहीत. आणि टायर कुठेही घासता कामा नये!”

पंक्चरच्या टपरीसमोर उभ्या असलेल्या जुबेदा मुलाणीने हातातला पाना खाली ठेवला. एवढ्या अटी तर लग्न ठरवतानासुद्धा कोणी घालत नाही, असं तिच्या मनात आलं.

वाघजाळीची जहागिरी जाऊन तीन पिढ्या झाल्या होत्या, पण ही बातमी सरकारांच्या कानावर घालायची हिंमत अजून कोणी केली नव्हती. त्यातच शेजारच्या गावच्या दादासाहेबांनी आपल्या जीपला कमरेएवढे टायर लावले आणि सरकारांना जेवण गोड लागेना. दसऱ्याला दोन्ही गावांच्या मिरवणुका शिवेवर भेटतात. तिथे लहान टायर घेऊन उभं राहायचं म्हणजे नाक कापून घेणं, असं आठ मानकऱ्यांनी त्यांना पटवून दिलं होतं. मानकरी म्हणजे सरकार शिंकले तरी “वा!” म्हणणारे आठ धष्टपुष्ट गृहस्थ. दिवाणजी त्यांचे म्होरके.

“ठोकळे घातले तर काम सोपं हुईल, सरकार,” जुबेदा म्हणाली. “दादासाहेबांनीबी तेच केलंय.”

“म्हणूनच नकोत! तो ठोकळ्यांवर उभा राहतो. आम्ही आमच्या पायांवर उभे आहोत!”

“वा!” आठही जण जीपमध्ये बसल्या बसल्या म्हणाले.

“जमलं नाही तर टपरी उचलायची,” दिवाणजींनी सुनावलं. “जागा सरकारांची आहे!” ती जागा आपल्या मेव्हण्याच्या रसवंतीसाठी त्यांनी केव्हाच हेरून ठेवली होती.

बाबालाल मुलाणीचे गुडघे गेल्यापासून घर त्या टपरीवरच चालत होतं. सगळे गेल्यावर म्हातारा कळवळून म्हणाला, “पोरी, जाऊन सरकारांच्या पाया पड!”

“पाया पडून टायर बसत नाय, अब्बा,” जुबेदा म्हणाली आणि टेप घेऊन रिम मोजायला बसली.

त्या रिमवर दोन नंबर मोठा टायर नीट बसत होता. “याहून मोठा का नाही?” दिवाणजी रोज येऊन विचारत. “घालते की! पहिल्याच वळणावर टायर रिम सोडून आपल्या वाटेनं जाईल. तुम्ही तेवढा पकडून आणा!” मग दिवाणजी यायचे थांबले.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी जुबेदाने रिकामी जीप सरकारांच्या बंगल्यावर नेली. जराही आवाज झाला नाही.

“स्टिअरिंगचा बोल्ट थोडा बाहेर घेतलाय, सरकार. आता चाक पूर्ण वळणार नाय. गाडी वळायला जास्त जागा लागंल.”

“चालेल. आम्ही सहसा वळत नाही.”

“ते ठाऊक हाय,” जुबेदा म्हणाली.

सरकार ऐटीत पुढे बसले. मागे आठ मानकरी चढले आणि जुबेदाने गाडी काढली. पहिल्याच खड्ड्यात चाकातून “घर्रर्र!” असा आवाज आला आणि जळक्या रबराचा वास सुटला. जुबेदा उतरली. चाक आणि पत्रा यांच्यामध्ये नखही शिरत नव्हतं.

“बुडवलं हिने!” दिवाणजी आनंदाने ओरडले.

सरकारांचा चेहरा लालबुंद झाला. “उद्या मिरवणुकीत हा आवाज आला, तर उद्याच टपरी उठेल!”

जुबेदा जीप घेऊन टपरीवर परत आली. तिने पुन्हा चाकावर हात घालून पाहिला. चार बोटं सहज आत गेली. ती खुदकन हसली आणि जीपला दुसरा हात न लावता भाकरी खायला गेली.

दसऱ्याला बंगल्यासमोर ताशा कडाडत होता, गाव जमलं होतं. जुबेदाने जीप आणून उभी करताच आठ मानकरी आपापले फेटे सावरत आत चढले.

“काम झालं का?” सरकारांनी विचारलं.

“थोडं राहिलंय. तुमच्यासमोरच करते. गाडीतनं थोडं वझं काढायचंय.”

“पत्रा कापणार?”

“नाय सरकार. दिवाणजी, जरा खाली उतरता?”

दिवाणजी कुरकुरत उतरले. जीपने चक्क सुस्कारा सोडला.

“आता चाकावर बोट घाला, सरकार.”

सरकारांनी वाकून बोट घातलं. एक बोट आत गेलं! आणखी दोघे उतरले, तेव्हा दोन बोटं गेली. आठवा मानकरी जमिनीवर आला, तेव्हा सरकारांची चारही बोटं आत होती.

“जीप उंचवायची गरजच नव्हती, सरकार. ती दबली हुती!” जुबेदा म्हणाली. “रिम तेच, पत्रा शाबूत, ठोकळा एकबी नाय. शिवेपर्यंत कुठं घासलं, तर टपरी मी माझ्या हातानं मोडते!”

दिवाणजींचा पारा चढला. “म्हणजे आम्ही पायी यायचं? सरकार, मानकरी बरोबर नसतील तर तुम्ही सरकार दिसाल का?”

“दिवाणजी,” जुबेदा म्हणाली, “आजवर तुमच्या आठ फेट्यांमागं सरकार कुणाला दिसतच नव्हते. आज पहिल्यांदा दिसतील!”

ताशा थांबला. गर्दीत काठी टेकून उभ्या असलेल्या बाबालालने डोळे मिटून घेतले.

सरकारांनी मानकऱ्यांच्या रांगेवरून नजर फिरवली. आधी त्यांची मिशी थरथरली, मग खांदे हलले आणि मग ते जे हसत सुटले, ते बॉनेट धरूनच थांबले. “खरंय! परवा दादासाहेबानं विचारलं होतं, ‘जीपमध्ये होता कुठे तुम्ही?’”

गाव खो खो हसलं.

“दिवाणजी!” सरकार डोळे पुसत म्हणाले. “टपरीची जागा आजपासून जुबेदाची! कागद तुम्हीच करायचा आणि तालुक्याला नेऊन नोंदवायचा.”

“जी सरकार. जीप कधी मिळेल?”

“जीप कशाला?” सरकार म्हणाले. “टायर घासतात ना!”