दुसऱ्याचे पान

एका राज्यात रस्तेच नव्हते. होत्या त्या खाड्या, कांदळवनांतून वळसे घेत समुद्राला मिळणाऱ्या. बाजाराला जायचे तर होडी, माहेरी जायचे तर होडी, भांडून घर सोडायचे तर तेही होडीनेच.

तिथल्या राजाला, जयकेतूला, काही कमी नव्हते. म्हणून त्याला आणखी हवे होते. खाडीच्या मुखाशी, खोल पाण्यात, सागरदेवीचा मोती होता. तो त्याने काढवून मुकुटात बसवला. देवी ओरडली नाही की गरजली नाही. त्या दिवशी ओहोटी लागली आणि भरती परत आलीच नाही.

खाड्यांत चिखल उरला आणि मधोमध पाण्याची बारीक धार. मासे झाडांवर राहायला गेले. परमुलखातून आलेली गलबते मुखाबाहेर अडकली. आत शिरायला पाणी नाही आणि गलबतावर प्यायला पाणी नाही, अशी त्यांची गत झाली. त्यांतल्या एकावर रायबा खलाशी होता. त्याची बायको हौसा रोज माडावर चढून त्याचे शीड पाही.

प्रजा उपाशी होती तोवर राजा स्वस्थ होता. त्याच्या ताटातला मासा बंद झाला, तेव्हा त्याला जाग आली. त्याने राजवाड्यातल्या खंड्या पक्ष्याला विचारले, "उपाय काय?"

खंड्या म्हणाला, "राजा, मोती जिथला तिथे सोडावा. नेणाऱ्याने होडीतून एकट्याने जावे. वाटेत तीन बंदरे लागतील. तिन्ही ठिकाणचे मीठ खाल्ल्यावाचून देवी मोती घेणार नाही."

आधी सेनापती निघाला. एकटाच, म्हणजे स्वयंपाकी, न्हावी आणि छत्री धरणारा, एवढेच काय ते सोबत. पहिल्याच वळणावर होडी बुडाली. मोती तेवढा तरंगत परत आला. मग राजमांत्रिक निघाला. तो खरोखर एकटा होता, पण त्याला वल्हवता येत नव्हते. तो गोल फिरून पुन्हा राजवाड्याच्या घाटाला लागला. तिसरी हौसा आली.

"महाराज, मी जाते."

"तुला काय हवे?"

"माझा नवरा."

राजाने मोती दिला आणि मुकुटात काच बसवून घेतली. दरबारात कुणाला फरक कळला नाही. काच काय आणि मोती काय, खाली डोके तेच होते.

आता त्या मुलखाची रीत ऐका. तिथे होडीत एकटे कुणी बसत नाही. एकट्या माणसाची होडी दिसली की बंदरावरच्या बाया समजतात, याचा सोबती वाटेत गेला. त्या दोन पाने मांडतात, एक आलेल्याचे आणि एक न आलेल्याचे. मग नाव विचारून गेलेल्यासाठी रडतात. रडून झाल्याशिवाय कुणालाही वाढत नाहीत.

पहिल्या बंदरातली घरे खेकड्यांच्या पाठीवर होती. पाणी आटल्यापासून खेकडे बेचैन होते, म्हणून घरांनाही ठाव नव्हता. हौसेला होडी चिखलातून ढकलत आलेली पाहून एका म्हातारीने पाने मांडली.

"बाय, दुसरा कोण होता?"

"आजी, कुणी नव्हते. मी एकटीच आहे."

"नाव सांग. तुझ्या होडीत कधी बसलेल्या माणसाचे सांग, नाहीतर आम्हांला रडू यायचे नाही. आणि जपून सांग. जिवंत माणसाचे नाव घेतलेस, तर त्याला पुन्हा कुणी ओळखणार नाही. घरचेही नाही. सगळ्यांच्या लेखी तो मेला."

हौसेने मेलेल्या बापाचे नाव सांगितले. बाया धाकूसाठी रडल्या, मग तिला भात आणि मीठ मिळाले.

दुसऱ्या बंदरात लोक मडक्यांत वारा भरून विकत. शिडेच चालत नसल्यामुळे मडकी तशीच पडून होती आणि आतून घोंघावत होती. इथे हौसेने पुन्हा बापाचे नाव घेऊन पाहिले. बाया म्हणाल्या, "त्याच्यासाठी रडून झाले. एका माणसासाठी दोनदा रडत नाहीत." मग तिने भावाचे नाव सांगितले. सोमा लहानपणीच तापाने गेला होता. बाया रडल्या, हौसाही रडली, आणि जेवून पुढे निघाली.

तिसरे बंदर समुद्राच्या काठावर होते. पांढरी वाळू आणि वाटसरूंच्या ओसाड धर्मशाळा. तिथून रायबाचे गलबत स्पष्ट दिसत होते. खलाशी दव पडलेले शीड चाटत होते. एक खलाशी डोलकाठीशी नुसता बसून होता. हौसेने त्याच्या पाठीवरून त्याला ओळखले.

"बाय, दुसरा कोण?"

हौसेकडे आता मेलेले माणूस उरले नव्हते. तिने दात खाऊन सांगितले, "जयकेतू."

बायांनी डोळे मिटले, पदर तोंडाशी धरले, पण डोळे कोरडेच राहिले. एकजण म्हणाली, "हा तुझ्या होडीत बसलेला नाही. कुणाच्याच होडीत बसलेला नसेल. याच्यासाठी रडू कसे यावे?"

तिच्या होडीत बसलेली दोनच जिवंत माणसे होती. हौसेने गलबताकडे पाहिले आणि सांगितले, "हौसा."

बाया धाय मोकलून रडल्या. मग वाढणारीने तिच्या पानावर मीठ ठेवले आणि परक्या आवाजात विचारले, "आपण कुठल्या?"

हौसा जेवली आणि मुखाशी जाऊन तिने मोती सोडला. भरती आली. मासे झाडांवरून उतरले, खेकडे शांत झाले, गलबते आत आली. रायबाचे गलबत तिच्या होडीजवळून गेले. तो कठड्यावरून वाकून म्हणाला, "बाई, पाणी चढतेय, होडी कडेला घ्या."

राजवाड्यात मेजवानी झाली. सेनापतीला मानाची तलवार मिळाली.

हौसा आपल्या घरी पोहोचली, तेव्हा रायबा ओटीवर बसला होता. डोळे सुजलेले होते. त्याने परकी वाटसरू समजून तिला पाणी दिले, पान मांडले, स्वतः वाढले.

"बाई, माझी बायको असती तर नीट वाढले असते. मी आत येण्याआधीच ती गेली म्हणतात."

"रायबा, मीच हौसा."

त्याने हात जोडले. "दमलेल्या आहात, जेवा. पण मेलेल्या माणसाचे नाव असे घेऊ नका."

ती जेवली नाही. उठून धक्क्यावर गेली आणि भरल्या खाडीत होडी लोटून निघाली. शाप सुटला, राज्य सुखी झाले, हौसेला हवे ते मिळाले, असे सांगून लोक ही गोष्ट संपवतात. खोटे आहे ते. तिला तो नुसता जिवंत घरी आलेला नको होता, तिला तो आपला नवरा म्हणून हवा होता.